जैतश्री : आरोहातला रे एकदाचा सुटला

मागच्या वेळी लिहिलेलं ना की जैतश्री राग काही दिवस बाजूला ठेवते, तर ते रद्द, परवा शनिवारी रस्ता सापडला!

अडचण तीच. आरोहात, म्हणजे सूर चढताना, रे-ध नाहीत, नि सा ग म प नि सां, वहीत केवढं सोपं दिसतं. पण गळ्यात पाच वर्षं पूरिया धनाश्री राग मुरलेला, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादावरून निघालं की 'नि रे ग' आपोआपच येतं. मोबाईलवर दहा मिनिटांचा आलाप रेकॉर्ड केला आणि ऐकताना वहीत रेघा मारत गेले, चौदा वेळा रे! बरं तो टाळायला जावं तर अवरोहातला (उतरतानाचा) हक्काचा रेसुद्धा घाबरत लागायचा, नाहीतर मी त्यावर थांबायचे आणि सरळ श्री राग व्हायचा. तीन आठवडे हेच चाललेलं. आणि हा रे पेटीवर शोधू नका हं, संध्याकाळच्या रागांना पेटीचा कोमल रे मला चढाच वाटतो, एकदा कानाला त्याची सवय लागली की जाता जात नाही.

गाणं शिकवणाऱ्या ताईंना रेकॉर्डिंग ऐकवलं. जैतश्रीबद्दल अक्षर नाही, म्हणाल्या, "मुलतानी म्हण बघू." तो राग म्हटला, नि सा ग म प, त्यातला गंधार कोमल. "आता फक्त गंधार शुद्ध कर, बाकी काही हलवू नकोस."

बास! मुलतानीच्या आरोहात तरी कुठे रे-ध असतात! तोडी थाटातून (थाट म्हणजे रागांचा गट) पूर्वी थाटात नेणारा परमेलप्रवेशक राग, हे परीक्षेत लिहिलेलंसुद्धा मी, पण गळ्याने तिकडे जाणं काय असतं ते नौपाड्यातल्या त्या खोलीत कळलं. षड्जावर टेकून गंधारावर गेले आणि तो असा लख्ख लागला की ताईंनी तंबोऱ्यावरचा हात न थांबवता नुसती मान हलवली. ग वादी (रागाचा मुख्य स्वर) का, तेही तेव्हाच पटलं.

त्यामुळे विलंबित तिलवाडा (संथ लयीतला ताल) आता लांबणीवर. आधी पंधरा मिनिटं मुलतानी, मग गंधार बदलून जैतश्री, तेही खऱ्या वेळेला, ऊन उतरताना. ऑफिसहून ठाणे स्टेशनला उतरेपर्यंत सव्वासात होतात, म्हणजे शनिवार-रविवारच. माझ्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा सूर तापला की उतरतो, दुकानदार दोनदा "बघून देतो" म्हणाला, सध्या मोबाईलवरचं ॲपच बरं.

लिहिता लिहिता सुचलं, तानपुऱ्यात पंचमाऐवजी निषाद लावला तर? संवादी (वादीच्या खालोखालचा स्वर) सतत कानात राहील, 'नि सा ग'ला टेकू मिळेल. आत्ताच लावून बघितला, पंचमावर आलं की जरा पोरकं वाटतं, पण गंधार काय सुंदर मिसळतोय! रविवारी दोन्ही लावून रेकॉर्ड करते आणि परत रेघा मोजते.