भाच्याची सी वायर आन् माझं ठिबक

जानेवारीतली सकाळ, साडेसात वाजलेले, मी चोपड्याकडं मळ्यात. रात्रभर केळीला पाणी दिलेलं, कारण थंडीत केळीला चरका बसतो म्हणून विहिरीचं कोमट पाणी रात्रीच सोडावं लागतं आणि वरून बांधावर धूर करावा लागतो, केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. डोळे चोळत चहा घेतोय तोच भाच्याचा व्हिडीओ कॉल. तो मिनियापोलिसला असतो, तिकडं आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ, बाहेर उणे २० आणि हा घरात जॅकेट, कानटोपी घालून बसलेला.

"मामा, घर गार पडी गयं."

म्हटलं काय व्हयनं? तर साहेबांनी भिंतीवरचा जुना थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारा डबा, काढून वायफायवाला स्मार्ट बसवायला घेतलेला. मला कशाला फोन, मी काय हीटिंगवाला आहे का, आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, घर गरम करायची मशीन मी बघितली पण नव्हती! पण तो म्हणाला मामा हे पाण्यावर चालतं, तळघरात बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाइपातून फिरवतो आणि ज्या भागाला ऊब पाहिजे तिथला व्हॉल्व्ह उघडतो, त्याला झोन व्हॉल्व्ह म्हणतात, २४ व्होल्ट एसीवर चालतो. मी म्हटलं अरे मग हे तर आपलं ठिबक आहे! आपले सोलेनॉइड व्हॉल्व्ह पण २४ व्होल्ट एसीचेच, कंट्रोलरनं करंट सोडला की उघडतात, बंद केला की मिटतात. फरक एवढाच की आपला टक्कन उघडतो आणि त्याच्यात बारकी मोटर आणि गिअर असतात, ते हळूहळू १५-२० सेकंदांत उघडतं आणि करंट गेला की स्प्रिंगनं मिटतं.

कॅमेरा व्हॉल्व्हवर धरायला लावला. दोन पिवळ्या वायरी, दोन लाल. आणि इथंच भाच्यानं घाण केलेली. पाच तारांची नवी केबल ओढली (हे चांगलं केलं), पण व्हॉल्व्हच्या पिवळ्या वायरीला केबलची पिवळी जोडली आणि वर थर्मोस्टॅटमध्ये ती वाय लिहिलेल्या खाचेत घातली. रंगाला रंग! आता थर्मोस्टॅटवरचं वाय म्हणजे कूलिंग, घर गार करायच्या मशीनसाठीचं. घर गरम करायला तो आर (जिथं करंट येतो ती खाच) आणि डब्ल्यू (हीटिंगची खाच) आतून जोडतो, म्हणजे वाय बिचारं गप्प आणि व्हॉल्व्ह पण गप्प. त्याला हसायला मला तोंड नाही, मी पण आधी आर-वाय म्हटल्यावर आपल्या मोटरच्या थ्री फेज लाइनीतले आर-वाय-बीच समजलो होतो.

वरून विचारतो, "मामा, आता लाल बी लाल ला जोडू का?" असा ओरडलो की चहा सांडला. त्या दोन लाल म्हणजे एंड स्विच, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आतला स्विच चालू होतो आणि बॉयलरला सांगतो आता पेट. आपण पण व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय मोटर चालू करत नाही, नाहीतर पाइप फाटतो, तसंच समजा. बॉयलरचा स्वतःचा वेगळा २४ व्होल्टचा करंट त्या लाल वायरीतून फिरत असतो, व्हॉल्व्हचा ट्रान्सफॉर्मर वेगळा, दोन्ही एकमेकांत गुंतवले की काहीतरी जळणारच. म्हटलं लाल ला हात लावू नको, आणि आधी मेन ब्रेकर पाड!

मग वायरिंग सोपी होती. ट्रान्सफॉर्मरचं एक टोक थर्मोस्टॅटच्या आरला. डब्ल्यूची वायर व्हॉल्व्हच्या एका पिवळ्या वायरीला. दुसरी पिवळी ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या थर्मोस्टॅटला एवढंच बास होतं कारण तो नुसता स्विच, पण नव्याला स्क्रीन आहे, वायफाय आहे, त्याला चोवीस तास करंट पाहिजे. तो नाही मिळाला तर काही थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच्या मोटरमधूनच थोडा थोडा करंट चोरतात, मग व्हॉल्व्ह गुणगुणतो नाहीतर थर्मोस्टॅटची बॅटरी बसते. म्हणून दुसऱ्या पिवळीचा जिथं जोड आहे तिथूनच निळी वायर काढून सीला दिली. सी म्हणजे कॉमन. शेतात सगळ्या व्हॉल्व्हना मिळून एक कॉमन फिरवतो तीच की! हे म्हटल्यावर भाच्याची ट्यूब पेटली, लहानपणी सुट्टीत माझ्यामागं फिरून ठिबकचे जोड बघितलेत त्यानं.

ब्रेकर वर केला, मल्टिमीटर आर आणि सीवर धरला, २६ व्होल्ट दाखवले, लोड नसताना थोडं वरच असतं. सेटिंग वाढवलं. मी म्हटलं व्हॉल्व्हची लिव्हर हलवून बघ, मिटलेला असला तर जड लागते, मोटरनं उघडला की मोकळी पडते. थोड्या वेळानं ओरडला, मोकळी झाली! मागून बॉयलरचा आवाज आला आणि अर्ध्या तासानं जॅकेट काढलेला फोटो.

आता माझ्याकडची गंमत. चार नंबरचा व्हॉल्व्ह दोन महिन्यांपासून मी हातानं उघडतोय, उंदरानं कॉमनची वायर कुरतडलीये, आणि जोड मारायला मला अजून वेळ सापडलेला नाही.