पलीकडच्या काठावरचा जिताडा

डार्विनच्या मासळीबाजारात पहिल्यांदा बॅरामंडी पाहिला आणि मी दुकानदारासमोर हसलोच. अहो, हा तर आपला जिताडा! तेच चपटं डोकं, तेच जाड खवले. अलिबागकडे साहेबाकडून काम काढून घ्यायचं तर जिताडा पोचवत, असं लहानपणापासून ऐकत आलोय. इथे त्याच माशासाठी लोक चार-चार तास गळ धरून बसतात आणि त्याला लाडाने नुसतं 'बॅरा' म्हणतात.

ऑस्ट्रेलियाच्या या भागात, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीत, हौसेने मासे धरायला लायसन्स लागत नाही. त्यावरून मी परस्पर ठरवून टाकलं की नद्या मोकळ्या. पहिल्याच सहलीत ऑफिसमधल्या मित्राने जमिनीवर आणलं.

डार्विनपासून तीनेकशे किलोमीटरवर ईस्ट अ‍ॅलिगेटर नदी आहे. (नावात अ‍ॅलिगेटर, पाण्यात सगळ्या मगरी, म्हणजे क्रोकोडाइल. नाव ठेवणारा गोरा चुकला, ते कुणी बदललं नाही.) काहिल्स क्रॉसिंगला नदीतूनच काँक्रीटचा रस्ता जातो. भरती चढली की तो पाण्याखाली जातो आणि वाहत येणारे मासे टिपायला मगरी तिथे दबा धरून असतात. अलीकडे काकाडू राष्ट्रीय उद्यान, पलीकडे आर्नहेम लँड. पाणी उतरलं तसा मी गाडीकडे निघालो. मित्र म्हणाला, "परमिट काढलंयस?" मी म्हटलं, "कसलं?" तो नुसता बघत राहिला.

पलीकडची जमीन मूलनिवासींच्या मालकीची. १९७६च्या कायद्याने टेरिटरीतली जवळपास निम्मी जमीन त्यांच्याकडे आली. तिथे पाऊल टाकायचं तर कोण, कधी आणि कुठे जाणार ते सांगून आधी अर्ज करायचा. ऐन वेळी काही होत नाही. एखाद्या वस्तीत कुणी वारलं तर तो भाग काही काळ बंद ठेवतात, मग हातात परमिट असलं तरी उपयोग नाही. सुतक पाळणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये.

खरी गंमत पाण्याची आहे. १९९६ साली आर्नहेम लँडच्या ब्लू मड बे भागात तिथल्या योलंगू या मूलनिवासी लोकांना त्यांच्या पवित्र जागी मासेमारांचा बेकायदा तळ सापडला, आणि तिथे मगरीचं छाटलेलं मुंडकं. ती जागा त्यांच्या पूर्वज मगरीची. त्यांनी झाडाच्या सालीवर ८० चित्रं काढली: हा आमचा समुद्र, ही त्याची गोष्ट. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. २००८ च्या जुलैत हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा मूलनिवासी जमिनीचाच भाग आहे. भरतीला त्यावर पाणी चढलं तरी मासेमारीच्या सरकारी लायसन्सवर तिथे शिरता येत नाही, मालकांना विचारावंच लागतं. टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्याला हे लागू झालं. नंतर सरकारने मालकांशी करार केले, त्यामुळे काही नद्या आणि खाड्यांत आता परमिटशिवाय गळ टाकता येतो. म्हणून नकाशा बघितल्याशिवाय बोट पाण्यात घालायची नाही.

"समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे का?" असं कुरकुरणारे बोटवाले इथे भरपूर भेटतात. सुरुवातीला मीही मान डोलवायचो. मग खारेपाटातलं आमचं शेत आठवलं. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं म्हणून शेत समुद्राचं होत नाही. आईला हे फोनवर सांगितलं तर तिला त्यात बातमीच दिसेना. "दुसऱ्याच्या तळ्यात न विचारता कोण गळ टाकतं?"

त्या दिवशी आम्ही अलीकडेच बसलो. काकाडूतली बरीचशी जमीनही मूलनिवासींचीच, उद्यानाला भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे तिथेही नियम आहेत: पाग (फेकायचं जाळं) टाकायचा नाही, खेकड्यांचे सापळे लावायचे नाहीत, फक्त गळ. पाण्यापासून दहा पावलं मागे उभं राहून गळ टाकायला माझा हात बसेना, पण मगरींपुढे इलाज नव्हता. ऊन कलताना एक लागला. पट्टीवर आडवा घातला: ५१ सेंटीमीटर. ५५ च्या आतला बॅरा ठेवता येत नाही. परत सोडला.

रात्री आईचा पुन्हा फोन. परमिट, कोर्ट सगळं तिला पटलं होतं.

"पण हातात आलेलं जिताडं सोडलंस? आणि जेवलास काय?"

"अंडी."