तात्पुरती सोय, १५३१

रविवार, रात्र

आज आईला ईस्ट बर्गहोल्टला नेलं. इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं छोटं गाव, आमच्या इप्सविचपासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. चित्रकार कॉन्स्टेबलचा जन्म इथला, त्यामुळे बाकीचे लोक त्याच्यासाठी येतात. आम्ही घंटांसाठी गेलो होतो.

चर्चपाशी पोचल्यावर आईने सवयीप्रमाणे मान वर केली. मनोरा नाहीच. म्हणजे आहे, पण काम अर्धवट टाकून गवंडी जेवायला गेले ते आलेच नाहीत, असा. आणि घंटा? त्या चर्चच्या आवारात, थडग्यांच्या शेजारी, जमिनीवरच्या एका लाकडी पिंजऱ्यात. जाडजूड खांब, जाळीच्या भिंती, वर उतरतं छप्पर आणि आत पाच घंटा.

"अगं, ह्यांना कोंडून का ठेवलंय?" आई म्हणाली.

मनोऱ्याचं काम १५२५ मध्ये सुरू झालं. पैशांचा मुख्य आधार कार्डिनल वूल्झीचा होता, असं सांगतात. इप्सविचच्या खाटकाचा हा मुलगा आठव्या हेन्रीचा उजवा हात झाला. राजाला काडीमोड मिळवून देणं त्याला जमलं नाही, १५२९ मध्ये मर्जी गेली आणि पुढच्या वर्षी माणूसही गेला. मनोरा होता तिथेच राहिला. इप्सविचमध्ये त्याने कॉलेज काढायला घेतलं होतं, त्याचीही तीच गत. विटांचा एक दरवाजा तेवढा उरलाय. ऑफिसला जाताना मी त्याच्यासमोरूनच जाते.

घंटा काही उघड्यावर ठेवता येत नाहीत. म्हणून १५३१ मध्ये गावाने हा पिंजरा उभारला. मनोरा पुरा होईपर्यंतची सोय म्हणून.

आई इतकी हसली की विचारता सोय नाही. तिची सगळी नोकरी शाळेत गेली, आणि त्यातली बरीचशी अशाच एका 'तात्पुरत्या' पत्र्याच्या शेडमध्ये. "म्हणजे इथेही तसंच," एवढंच म्हणाली आणि पिंजऱ्याच्या खांबावर ओळखीच्या माणसाला थोपटावं तसा हात ठेवला.

पिंजरा मध्यंतरी एकदा हललाही. आधी तो चर्चच्या पूर्वेला होता. शेजारच्या ओल्ड हॉलच्या मालकाला आवाज सोसेना, म्हणून सतराव्या शतकात तो उत्तरेला नेला. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. पुण्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहाटेच्या आरतीच्या घंटेवरून जी धुसफूस चालते, तिला एवढी खानदानी परंपरा असेल असं वाटलं नव्हतं.

वाजवणारे आले, तेव्हा मी वाकून नीट बघायला लागले. इंग्लंडमधल्या इतर गावांत घंटेला मोठं चाक असतं, चाकावरून दोर खाली येतो. वाजवणारे मनोऱ्यात खालच्या खोलीत गोल उभे राहतात, घंटा त्यांना दिसतही नाही. तोंड वर करून उभी असलेली घंटा पूर्ण फेरी घेऊन पुन्हा उभी राहते. तिला तिथे क्षणभर धरता येतं, म्हणून पुढचा ठोका लवकर की उशिरा हे ठरवता येतं. इंग्लंडमधल्या लोकांनी सुरांऐवजी क्रमाचा, म्हणजे कोणत्या घंटेनंतर कोणती वाजवायची याचा, खेळ केला तो त्यातूनच. पाच घंटांचे १२० क्रम होतात, सातांचे ५०४०, ते वाजवायला तीनेक तास लागतात. आठांचे ४०,३२०. ते सगळे १९६३ मध्ये लफबरोच्या घंटांच्या कारखान्यात आठ जणांनी एका बैठकीत वाजवले. जवळजवळ अठरा तास, मध्ये कुणी कुणाच्या जागी आलं नाही. ह्या वेडाला काय म्हणावं!

ईस्ट बर्गहोल्टला चाकही नाही आणि दोरही नाही. प्रत्येक घंटेच्या डोक्यावर एक लाकडी ओंडका, आणि तो हातांनी ढकलायचा. सगळ्यांत मोठी घंटा सुमारे १३०० किलोची. पिकल्या केसांच्या एक बाई कानांवर मफ चढवून उभ्या होत्या. ओंडका त्यांच्याकडे यायचा तेव्हा त्या त्याला अडवत नव्हत्या. दोन्ही तळवे टेकवून थोडं मागे जायच्या आणि नेमक्या क्षणी खांद्यातून जोर द्यायच्या. घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला. एरवी मनोऱ्यात लपून राहते ती सगळी मेहनत इथे हाताच्या अंतरावर. मनोरा झाला असता तर आम्हाला खालून नुसता गोड नाद ऐकू आला असता. इथे तो छातीत बसतो. आईने पदर कानांवर घट्ट धरला, पण जागची हलली नाही.

आम्ही वाईचे. मेणवलीच्या घाटावरची घंटा आईने लहानपणापासून पाहिलेली. १७०७ सालची, अंगावर बाळ येशूला घेतलेली मरियम. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतर तिकडून आलेली. तीही मनोऱ्यावरून उतरून बुटक्या छपराखाली आली. "पण ती बिचारी जागची हलत नाही," आई म्हणाली, "आपण फक्त तिचा लोलक हलवतो. आणि एकट्यानेच." ह्यावर मी घरी येईपर्यंत विचार करत होते. देवळात आपण आलो हे देवाला सांगायला घंटा वाजवतो. इथे पाच माणसं जमली नाहीत तर पाच घंटा वाजतच नाहीत. युद्धात तर जून १९४० पासून देशभरातल्या चर्चच्या घंटांवर बंदीच होती, शत्रू उतरला तरच वाजवायच्या. गावात रविवार आहे हे कळत तरी कसं असेल?

वाजवून झाल्यावर मी त्या बाईंना विचारलं, शिकता येईल का. म्हणाल्या, आधी दोरावर शिका, मग इकडे या. इप्सविचच्या सेंट लॉरेन्समध्ये पाच घंटा आहेत, चार साधारण १४५० च्या, पाचवी १४८० च्या आसपासची. अशा फेरी घेणाऱ्या घंटांचा जगातला सगळ्यांत जुना संच. वूल्झीने पोरवयात ऐकल्या असणार त्या ह्याच.

आई पुढच्या महिन्यात परत जाते. त्याआधी तिला त्या ऐकवायच्या आहेत. ती म्हणते, नुसतं ऐकायचं कशाला, तू नाव घाल, आणि मी खुर्ची टाकून बसते.