‘तुम्हाला काय कमी आहे ताई!’

हे वाक्य सांगलीत मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं, आलं आता. माझे सख्खे काका टीव्हीवर असतात, सिनेमातही दिसतात, नाव लिहीत नाही कारण लिहिलं की पुढचं कोण वाचणारे. आबा म्हणजे आजोबा संगीत नाटकातले, विश्रामबागेतल्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना अजून त्यांची पदं पाठ आहेत. आणि मी हळद विकते. कुपवाड एमआयडीसीत भाड्याची शेड, एक पल्व्हरायझर म्हणजे दळायचं मशीन, एक चाळणी, पॅकिंगचं मशीन, कामाला चार बायका आणि मी.

आता आडनावाचा फायदाच होत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. होतो की. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या हॉटेलवाल्याला किंवा मसालेवाल्याला फोन केला आणि आडनाव सांगितलं की “अरे म्हणजे ते...?” असं होतंच, मग भेट मिळते, चहा येतो, बिस्किटं येतात, सेल्फी काढायला मी कुणी नसते म्हणून काकांचा व्हॉइस मेसेज मागतात पोरीच्या वाढदिवसाला. माझ्याबरोबर धंदा सुरू केलेल्या एका मैत्रिणीला अशाच एका माणसाने महिनोन्महिने वेळ दिली नव्हती, हे मला माहितीय आणि त्याचं मला वाईटही वाटतं. सॅम्पल बघतात, रंग चांगला आहे म्हणतात, ऑर्डर देतात. इथपर्यंत सगळं छान.

पुढे बिलाचं येतं. आणि ते बिल काही केल्या निघत नाही.

हे समजायला हळदीचा धंदा थोडा सांगावा लागेल. आमच्याकडे नवीन माल जानेवारीपासून यायला लागतो, काढून, शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश करून शेतकरी वसंतदादा मार्केट यार्डात आणतो, तिथे अडत्यांकडे सौदे निघतात. वर्षभराची राजापुरी जातीची हळकुंडं मी याच दोन-तीन महिन्यांत उचलते, कारण चांगला लॉट नंतर मिळत नाही आणि भाव कुठे जाईल सांगता येत नाही, २०२३ मध्ये उन्हाळ्यातला भाव पावसाळ्यापर्यंत दुप्पट झाला होता, ज्याच्याकडे माल होता तो हसला आणि ज्याने आधीच ऑर्डर जुन्या भावात घेतली होती तो बसला. म्हणजे पैसा आधी जातो, एकगठ्ठा. अडत्याला पैसे वेळेवर लागतात कारण त्यालाही शेतकऱ्याची पट्टी करायची, म्हणजे मालाचे पैसे चुकते करायचे असतात. आणि माझे पैसे येणार ते पुढे वर्षभर, थोडे थोडे, पावडर जाईल तसे. मधलं अंतर भरून काढणं म्हणजेच हा धंदा, दळणं वगैरे त्यामानाने सोपं.

या मधल्या अंतरातच माझं आडनाव आडवं येतं. एका गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सला फोन लावला, तिथला पोरगा जरा मोकळा होता, तो म्हणाला ताई खरं सांगू का, सर म्हणतात तुमचं थांबलं तरी चालतं, तुम्हाला काय कमी आहे, आधी त्या पॅकिंगवाल्याचं देऊ, त्याचं घर त्यावर चालतं. मी गप्प. कारण पॅकिंगवाल्याचं आधी द्यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या चार बायकांचा पगार काय काकांच्या सिरियलमधून निघतो का? त्याच गिऱ्हाइकाने दिवाळीला मात्र भेटवस्तू पाठवली, काकांसाठी वेगळी, मोठा डबा.

बँकेत तर वेगळीच मजा. प्रकल्प अहवाल नेला, अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के सबसिडी होती, जास्तीत जास्त १० लाख, ते सगळं वाचून गेले होते, विनातारण कर्जाला सरकारची गॅरंटी असते तेही माहीत होतं. मॅनेजरसाहेबांनी फाइल उघडली, आडनाव बघितलं, फाइल बंद केली आणि म्हणाले, “मॅडम, एवढं कशाला, तुमच्या काकांची सही आणा की जामीनदार म्हणून, उद्या करतो.” विनातारण कर्ज हे ज्याला ओळख नाही त्याच्यासाठी असतं असं त्यांच्या डोक्यात फिट्ट. शेवटी गोदामात ठेवलेल्या हळदीच्या पावतीवर कर्ज घेतलं, तिथे हळकुंडाला कुणाचा पुतण्या का पुतणी विचारत नाहीत, वजन आणि ओलावा बघतात. फार बरं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल काकांचा फोटो पाकिटावर टाक आणि मोकळी हो. घरातल्या लग्नात हा सल्ला फुकट मिळतो, पंगतीत. तर ऐका, काका दुसऱ्याच एका मसाला कंपनीची जाहिरात करतात! करार आहे, त्यात दुसऱ्या मसाल्याला चेहरा द्यायचा नाही असं लिहिलंय. म्हणजे मी गणपती पेठेत एखाद्या दुकानात माझी बरणी ठेवायला जाते आणि वर भिंतीवर काका हसत दुसऱ्याचं पाकीट धरून उभे. दुकानदार विचारतो, “तुमचीच का ती कंपनी?” काकांना सांगितलं तर ते पोट धरून हसले, म्हणाले बाळा, मलाही हप्ते आहेत. खरंय. त्यांचेही पैसे चॅनलकडून महिने महिने उशिरा येतात, बाहेर कुणाला पटणार नाही.

आजी म्हणते हे आमच्या घराला नवीन नाही. आबांना गावोगावचे लोक उचलून घ्यायचे, हार घालायचे आणि मानधनाचं नंतर बघू म्हणायचे, कारण एवढ्या मोठ्या माणसाशी पैशाचं कसं बोलायचं. तिच्याकडे एक वही आहे, अशा ‘नंतर बघू’ची, गावांच्या नावासकट, त्यातली अर्धी गावं तासगाव आणि खानापूर तालुक्यातली. आणि ज्यांचं सगळ्यांत मोठं नाव ते बालगंधर्व, नागठाणं इथून किती लांब, पलूस तालुक्यातच, १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी निघाली, थिएटरं भरून वाहत होती आणि तरी कंपनी कर्जात बुडाली. तिकीटबारीवरची गर्दी आणि गल्ल्यातला पैसा या दोन गोष्टी वेगळ्या हे आमच्या जिल्ह्याला तरी कळायला हवं होतं.

पंगतीतला दुसरा सल्ला किर्लोस्करांचा. “किर्लोस्कर बघ!” बघितलं. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणला तेव्हा त्या आडनावाला आजचं वजन नव्हतं, लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावत नव्हते. पुढे तोच नांगर गावोगाव विकत फिरलेल्यांत भाऊराव पाटील होते, रयत शिक्षण संस्थेचे, कर्मवीर. आणि ओळख किर्लोस्करांनाही लागलीच, औंध संस्थानच्या राजांची. फरक एवढाच की राजांनी जागा दिली, सेल्फी मागितला नाही 😄

असो. सध्या मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बघा. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, होतंच, आता प्रत्येक बिलावर तो नंबर ठळक छापते. कायदा २००६ चा आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, नाहीतर चक्रवाढ व्याज. पण व्याजाला कोण घाबरतं, सांगलीत तर कुणीच नाही. खरा चिमटा नंतरचा आहे, इन्कम टॅक्सच्या कलम ४३बी मध्ये एच हे पोटकलम आलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू, मुदत उलटून ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी धरताच येत नाही, म्हणजे माझी उधारी त्याच्या नफ्यात दिसते आणि त्यावर टॅक्स. हे माझ्यासारख्या उत्पादन करणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही, तेवढं आपल्या सीएला विचारून घ्या. मार्च जवळ आला की माझे फोन आपोआप उचलले जातात, आणि उचलणारा मालक नसतो, त्याचा सीए असतो. त्याला माझे काका कोण याच्याशी काही देणंघेणं नसतं.

एकाने चिडून फोन केला होता, “काय ताई, आपल्यात हे असलं? नोटीस काय पाठवताय, घरचे संबंध आहेत.” आमचे घरचे संबंध म्हणजे काकांनी त्यांच्या शोरूमची फीत कापली होती, तीही पैसे घेऊन. मी म्हटलं दादा, संबंध आहेत म्हणूनच ईमेल केला, नाहीतर थेट सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाकली असती. तो हसला, मीही हसले, निम्मे आले. उरलेल्या निम्म्यासाठी दुसरा ईमेल लिहून ठेवलाय, सोमवारी जाईल, कारण बुधवारी यार्डात सौद्याला जायचंय आणि अडत्याने आधीच बजावलंय, पहिलं मिटवा मग नवीन लॉट बघा.