ताप कधीपासून आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोसायटीत, लग्नकार्यात, कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी विचारतंच: "सिस्टर, लेकरू एवढं मलूल होईपर्यंत या बाया घरी ठेवतात तरी कशा? ताप आला त्याच दिवशी आणायला काय होतं?" नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या बालविभागात माझी २३ वर्षं गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो. पूर्वी मीही उसासा टाकून "काय सांगायचं" म्हणायची. आता तसं म्हणवत नाही.

कारण हाच प्रश्न मी स्वतः विचारत होते, तोही आयांच्या तोंडावर. "आज आणते काय? इतके दिवस काय करत होतीस?" मागे रांग, खाटा भरलेल्या, एका खाटेवर दोन लेकरं. राग कशाचा यायचा आणि निघायचा कुणावर! त्याचा परिणाम काय होतो, ते मला एका सप्टेंबरात कळलं.

वाठोड्याकडची बाई होती. सहा वर्षांचा मुलगा कडेवर, दहा-एक वर्षांची मुलगी पदराला धरून. ताप कधीपासून, विचारलं तर म्हणाली, "दोन दिवस झाले जी. आज सकाळी उतरला." ताप उतरला म्हणून तिच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटत होतं. मी केसपेपरवर 'दोन दिवस' लिहिलं. डॉक्टरांनी पोरगा हातात घेतला, त्याचे पाय चाचपले. गार. नाडी बारीक आणि जलद. पोटाला हात लावला तर कण्हला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, बाईनं पुन्हा दोनच दिवस सांगितले. तेव्हा ती मुलगी हळूच बोलली, "नाई जी, सोमवारपासून हाये त्याले."

त्या दिवशी शुक्रवार होता.

डेंग्यूत हा फरक फार मोठा असतो. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात विषाणूचा अंश शोधणारी एनएस-वन तपासणी उपयोगाची, नंतर आयजीएम, म्हणजे शरीरानं त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, पाहावं लागतं. आणि खरा धोका ताप चढलेला असताना कमी, उतरतो तेव्हा जास्त. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो आणि त्याच सुमारास रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं. रक्तदाब पडतो, हातपाय गार होतात. पुढचे २४ ते ४८ तास लेकराजवळून हलता येत नाही. दोन दिवसांचा ताप समजून त्याला गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं तर? मुलीनं तोंड उघडलं म्हणून सलाईन वेळेत लागलं. चौथ्या दिवशी पोरगा खिचडी मागू लागला.

त्या चार दिवसांत मी बाईला विचारलं, खोटं काहून सांगितलं? ती म्हणाली, "मागच्या खेपेला मोठीले आणलं होतं, तवा तुम्हीच रागावल्या होत्या न सिस्टर. सगळ्यांच्या समोर." मला ती आठवत नव्हती. तिला मी आठवत होते.

मग तिनं ते पाच दिवस सांगितले. सोमवारी रात्री अंग तापलं, शेजारणीकडून पॅरासिटामॉलची बाटली आणली. मंगळवारी संध्याकाळी वस्तीतल्या डॉक्टरकडे नेलं, त्यानं सुई दिली, ताप थोडा वेळ उतरला. बुधवारी ती ज्या घरी कामाला जाते तिथे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. विदर्भात या दिवसाचं महत्त्व तुम्हाला माहीतच आहे: पुरणावरणाचा स्वयंपाक, पंगती, भांड्यांचा ढीग. त्या दिवशी खाडा केला तर काम जातं, नुसता पगार कापून भागत नाही. गुरुवारी नवरा ट्रक घेऊन रायपूरला, सासू म्हणाली उतरेल आपोआप. शुक्रवारी ती कुणालाच न विचारता दोघांना घेऊन निघाली. पाच दिवसांतला एकही दिवस ती हातावर हात ठेवून बसली नव्हती. माझ्या केसपेपरवर मात्र त्या धडपडीला जागाच नव्हती.

सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो, दुपारी केसपेपरची खिडकी बंद होते. धुणीभांडी करणाऱ्या बायांची चार घरं नेमकी त्याच वेळात उरकायची असतात. केसपेपरचे पैसे काही फार नाहीत, खर्च तिथे होतच नाही. खर्च होतो जाण्यायेण्याच्या ऑटोचा, बुडालेल्या दिवसाचा, आणि धाकट्यासोबत मोठीलाही आणावं लागतं म्हणून तिच्या बुडालेल्या शाळेचा. रात्री ताप १०३ वर गेला तर कॅज्युअल्टी उघडी असते, पण वस्तीतून रात्री दीड वाजता ऑटो मिळवणं आणि बाईमाणसानं एकटीनं त्यात बसणं, हे पुन्हा वेगळंच.

माझा मुलगा लहान असताना त्याला ताप यायचा तेव्हा घरात थर्मामीटर होता, यांची स्कूटर होती, ओळखीचे बालरोगतज्ज्ञ फोनवर होते. माझी रजा कापली जायची, पण नोकरी जायची नाही. २०१८ साली राज्य सरकारनं आपल्या महिला कर्मचाऱ्यांना सबंध नोकरीत १८० दिवसांची बालसंगोपन रजाही दिली. मी चांगली आई होते असं मला वाटायचं. वाठोड्याच्या त्या बाईला ऐकल्यापासून मी तसं म्हणत नाही. माझ्या पायाखाली जमीन घट्ट होती, एवढं म्हणते.

औषधाच्या बाटलीचंही सांगायला हवं, कारण "यांना साधं औषध देता येत नाही" हेही मी ऐकते. लहान मुलांना पॅरासिटामॉल वजनावर देतात, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास. बाजारात पाच मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि २५० चंही मिळतं. बाटल्या दिसायला सारख्याच, आकडा बारीक. आठ किलोच्या बाळाला १२० वालं पाच मिलीचं एक झाकण पुरतं. शेजारणीची बाटली तिच्या मोठ्या पोरासाठी आणलेली, २५० ची असेल, तर त्याच झाकणात दुप्पट औषध जातं. दुसरीकडे स्वतःच्या पैशानं बाटली आणणारी माय ती पुरवून वापरते, अर्धंच झाकण देते. मग ताप उतरत नाही, औषध लागू पडत नाही असं तिला वाटतं, आणि ती सुईवाल्या डॉक्टरकडे जाते. मी आता सुई काढलेली सिरिंज देते आणि तिच्यावर बॉलपेननं रेघ मारून देते. लिहितावाचता येणाऱ्या आयांनाही देते. रात्री तीन वाजता चिडचिडलेलं लेकरू मांडीवर असताना कुणालाच बारीक अक्षर दिसत नाही.

एका जानेवारीतली कळमन्याकडची एक माय डोळ्यांपुढून जात नाही. मिरचीचे देठ खुडायचं काम, किलोवर पैसे. दहा महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. मी म्हटलं, ताप आहे का पाहा जरा. तिनं हात पुढे केला नाही. वाकली आणि आपला गाल त्याच्या कपाळाला लावला. मला नवल वाटलं, तशी तिनं तळवे पुढे केले: लालसर, बोटांची टोकं सोललेली. "हात लावला तं याच्या डोळ्याले आग होते जी. दोनदा साबणानं धुतले तरी जात नाई." त्या गालानं तिनं दोन रात्री ताप मोजला होता आणि तिचा अंदाज बरोबर होता. बाळाचा श्वास मी घड्याळ लावून मोजला, मिनिटाला ६४. त्या वयात ५० म्हणजेच जास्त. छाती आत ओढली जात होती. तिला न्यूमोनिया हा शब्द माहीत नव्हता, पण "पोट उडून रायलं याचं" हे तिनं दारातून आत येताच सांगितलं होतं.

आणि भरती करायचं म्हटलं की "घरी विचारून येते". याच्यावरही आम्ही चिडतो. निर्णय तिच्या हातात नाही, फोन नवऱ्याच्या खिशात, पैसे सासूच्या डब्यात. लेकराची काळजी तेवढी पूर्ण तिच्या वाट्याला.

लवकर आणलं की सगळं ठीक होतं, असं समजणाऱ्यांनी २०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर आठवावा. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली, परासियाकडची लेकरं मूत्रपिंडं निकामी झालेल्या अवस्थेत आपल्या नागपुरात आणली गेली. सुरुवात साध्या सर्दी-तापानं झाली होती. आईबापांनी दवाखाना गाठला होता, खोकल्याचं औषध सांगितल्याप्रमाणे पाजलं होतं. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं. लघवी बंद झाली, आणि २० हून अधिक लेकरं गेली. त्या मायांना कुणी विचारावं, काय करत होतीस म्हणून?

आता मी कुणालाही "इतके दिवस काय केलं" असं विचारत नाही. "ताप पहिल्यांदा लागला त्या रात्री काय दिलं?" असं विचारते. एवढ्यानं माय पहिल्या रात्रीपासून सांगायला लागते: कुणाची बाटली, किती झाकणं, कुठली सुई, कोणत्या दिवशी लेकरानं पाणी सोडलं. परवा एकीनं पदराची गाठ सोडून कापलेली गोळ्यांची पट्टी दाखवली, तीन गोळ्या गेलेल्या. मागून कुणीतरी "लवकर आटपा" म्हणून ओरडलं. मी तिला खुर्ची दिली आणि सगळं लिहून घेतलं. पाचवा दिवस होता.