दोन स्लिपा, दोन्हीकडे शून्य

फेब्रुवारीचा पे-रोल, म्हणजे पगाराचा हिशोब, लॉक व्हायला दोन दिवस होते. तो हिशोब माझ्याकडे. डिझाइन विभागातली एक मुलगी टेबलाशी आली. "सर, माझा टीडीएस शून्यच राहील ना? मार्चपासून घराचा हप्ता सुरू होतोय." ऑक्टोबरमध्ये रुजू झालेली, पगार दरमहा दीड लाख. टीडीएस म्हणजे पगारातूनच कापला जाणारा आयकर. स्क्रीनवर त्याच्या रकान्यात खरंच शून्य होतं आणि ते बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

बाहेरच्यांना वाटतं, त्या-त्या महिन्याच्या पगारावर कर कापतात. तसं नसतं. आधी आख्ख्या वर्षाचा पगार धरायचा, त्यातून सरसकट मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट द्यायची, वर्षाचा कर काढायचा, आधी कापलेला वळता करायचा आणि उरलेला शिल्लक महिन्यांत वाटायचा. म्हणूनच वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्याचा जुना पगार कळला नाही तर सगळं गणितच फिरतं. तो कळवण्यासाठी तेव्हा फॉर्म १२-बी असायचा.

तिच्याकडे जुनी स्लिप मागितली. दरमहा एक लाख, टीडीएस शून्य. त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांनी वर्षाचे बारा लाख धरले, वजावटीनंतर उरले ११,२५,००० आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण रिबेट, म्हणजे करमाफी, होती. आम्ही सहा महिन्यांचे नऊ लाख धरले, तेही रिबेटमध्येच बसले. दोन्ही कंपन्यांचं काम नियमाप्रमाणे, आणि तिचा कर कुठेच नाही.

मी कोरा कागद ओढला आणि तिच्यासमोरच मांडलं. जुन्या नोकरीचे सहा आणि इथले नऊ, पंधरा लाख. वजावट जाऊन १४,२५,०००. पहिल्या चार लाखांना काही नाही, पुढच्या चारांचे २०,०००, त्यापुढच्या चारांचे ४०,०००, वरच्या सव्वादोन लाखांचे १५ टक्क्यांनी ३३,७५०. झाले ९३,७५०. त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे उपकर. ९७,५००.

"पण बारा लाखांपर्यंत माफ आहे ना?" हे मी रोज ऐकतो. ती माफी मर्यादेच्या आत राहणाऱ्यांना. काठावरच्यांना थोडी सवलत मिळते, पण चांगले सव्वादोन लाख वर गेलं की कर चार लाखांपासूनच मोजतात. बातम्यांनी अर्धंच वाक्य लोकांच्या डोक्यात बसवलंय.

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोन्हीकडे शून्य होतं, म्हणून मी निर्धास्त होते."

स्वतः भरायचं म्हटलं तर अग्रिम कराचे, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायच्या कराचे, आधीचे हप्ते चुकल्याचं व्याज लागलं असतं. आमच्याकडून मार्चअखेर कापला गेला तर तो टीडीएस म्हणून जमेस धरतात, ते व्याज वाचतं. तिनं तिथेच १२-बी भरून दिला. दोन महिन्यांत ४८,७५० प्रत्येकी. पीएफचे १,८०० आणि फेब्रुवारीचा व्यवसाय कर ३०० जाऊन हातात ९९,१५०. एरवी तिला १,४८,००० मिळायचे.

ती गेल्यावर तिची ऑक्टोबरची फाइल काढली. १२-बी होता. वर नाव, पॅन, खाली सही आणि मधल्या सगळ्या रकान्यांवर एकच आडवी रेघ. एचआरमध्ये तिला सांगितलं होतं, "ऐच्छिक आहे, सोडलं तरी चालेल." कायद्यानं ते खरं आहे. पण तो फॉर्म रुजू होतानाच्या गठ्ठ्यात, आणीबाणीत कुणाला कळवायचं आणि ओळखपत्राचा फोटो यांच्यामध्ये घुसडला की माणूस दुसरं काय करणार? आणि ती रेघ ऑक्टोबरमध्ये माझ्याही नजरेखालून गेली होती. तेव्हाच एक फोन केला असता तर हीच रक्कम सहा महिन्यांत विभागून दरमहा १६,२५० कापली गेली असती.

त्या संध्याकाळी एप्रिलपासून रुजू झालेल्यांची यादी काढली. रेघ मारलेले आणखी नऊ निघाले. एकेकाला फोन लावायला घेतले. तिसऱ्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुना पगार सांगितला तर तो एचआरला कळेल का?" मुलाखतीत त्यानं आकडा वाढवून सांगितला असावा. मी म्हटलं, "पगार सांगू नका. पण कर किती होतोय ते एकदा स्वतः काढा आणि १५ मार्चच्या आत भरून टाका." तो हो म्हणाला. भरला की नाही, ते मला आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाही.