गॅरेजमधली ६ फुटी टाकी: गड्ड्यापासून पावसापर्यंत

तर मंडळी, टाकीत मासे आले. एवढं एका ओळीत सांगून मोकळं होता आलं असतं, पण मधे जे काय काय केलं ते लिहायलाच पाहिजे, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांचं वाचून सोलापुरात मोठी टाकी लावता येत नाही हे आता माझं ठाम मत झालंय. तिकडं हीटर कुठला घ्यावा यावर वाद चालतात ओ. इथं हीटर घेऊन काय पापड भाजायचेत?

गड्डा (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) संपला की काम सुरू करायचं असं ठरवलं होतं, म्हणजे थंडीत बांधकाम आणि उन्हाळ्यात परीक्षा. जागा म्हणजे जुळे सोलापुरातल्या घराचं गॅरेज, वर पत्रा, खाली शहाबादी, शटर पश्चिमेला. गाडी आता बाहेर लिंबाखाली उभी असते, त्यावर घरात बोलणी खाऊन झालीत, तो विषय सोडा. अण्णा म्हणत होते वरच्या हॉलमधे ठेव, पाहुण्यांना दिसेल तरी. त्यांना कागदावर मांडून दाखवलं: ६ फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट उंच म्हणजे ३० घनफूट, म्हणजे ८५० लिटर. पाण्याचंच साडेआठशे किलो, १२ एमएमची काच १३५ किलोच्या पुढं, वाळू शंभरेक किलो, दगड आणि स्टँड वेगळे. सव्वा टनाच्या आसपास जातं. अण्णा गप्प बसले आणि म्हणाले, गॅरेजच बरंय.

उंची २ फुटाच्या वर नेऊ नका असं माझं सगळ्यांना सांगणं आहे. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, लांबीवर नाही, त्यामुळं अडीच-तीन फूट उंची घेतली की काच जाड, खर्च डबल आणि तळाला हातही पोचत नाही. माश्याला पोहायला लांबी-रुंदी लागते, उंची बघणाऱ्याला लागते. काच टफन घेतली नाही, कारण टफनला नंतर भोक पाडता येत नाही आणि फुटली तर एकदम सगळी भुगा होते. साधी १२ एमएम, मागच्या काचेला चिकटवायच्या आधीच दोन भोकं पाडून घेतली, वरून चारी बाजूनी ४ इंची पट्टी. सिलिकॉन अँटी-फंगसवाला चालत नाही, बाथरूमचा म्हणून जो मिळतो तो बहुतेक तसाच असतो, ट्यूबवर वाचूनच घ्या. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी घातलं नाही.

स्टँड अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वेल्डिंगवाल्या मामांकडून करून घेतला, २ बाय २ चा स्क्वेअर पाईप, ३ एमएम. माप ऐकून मामा म्हणाले, "मासे ठेवणार का म्हैस बांधणार?" म्हटलं मामा, तुम्ही करा तर. प्रत्येक पायाखाली ४ इंची लोखंडी प्लेट मारून घेतली, नाहीतर सगळं वजन पाईपच्या टोकावर येऊन शहाबादी तडकते. आणि गॅरेजच्या फरशीला गेटकडं उतार असतोच, गाडी धुतलेलं पाणी बाहेर जायला, तो आमच्याकडं अडीच फुटात जवळजवळ अर्धा इंच निघाला. गवंड्याची पाण्याची नळी असते ना लेव्हलची, ती लावून पायाखाली पत्र्याचे तुकडे सारले, वर १८ एमएम मरीन प्लाय, त्यावर फोम शीट, मग टाकी. मोबाईलच्या लेव्हल ॲपवर एवढ्या वजनाचा भरवसा ठेवू नये.

फिल्टर म्हणजे खाली ४ बाय दीड बाय दीड फुटाचा संप, म्हणजे दुसरी लहान टाकी. वरचं पाणी त्यात उतरतं, गाळून होतं आणि पंप ते रिटर्न पाईपनं परत वर टाकतो. संपात एकच हिशोब महत्त्वाचा, लाईट गेल्यावर वरचं किती पाणी खाली येणार. माझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे ३५ लिटर. रिटर्न पाईपचं तोंड पाण्याखाली जेवढे इंच तेवढे पस्तीस-पस्तीस लिटर लाईट गेली की उलटे संपात येणार, वर पाईपातलं वेगळं. म्हणून तोंड इंचभरच खाली ठेवलं, पाण्याच्या लेव्हललगत एक बारीक सायफन-तोड भोक पाडलं (लेव्हल उतरली की त्यातून हवा शिरते आणि उलटं येणारं पाणी थांबतं) आणि संप चालू असताना दोन तृतीयांशच भरलेला ठेवला. आपल्याकडं लाईट जाते तेव्हा सांगून जात नाही, त्यामुळं मेन स्विच पाडून परत परत बघितलं, फरशी कोरडी राहिली तेव्हाच पुढं गेलो. मीडियासाठी, म्हणजे पाणी साफ करणारे बॅक्टेरिया ज्यावर वाढतात त्यासाठी, महागडे सिरॅमिक गोळे आणले नाहीत, भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या होलसेलमधे पोतंभर घेतल्या (साबण लावलेल्या नकोत), बॅक्टेरियाला बसायला जागा पाहिजे, ब्रँड नाही. पहिल्या कप्प्यात रजईत भरायचा पॉलिस्टर फायबर. चादरी-टॉवेलच्या गावात राहून फिल्टर वूल ऑनलाईन मागवणं म्हणजे लाजच की. बोर्डाला ईएलसीबी (करंट लीक झाला की लाईट तोडणारा स्विच) आहे आणि सगळ्या वायरी प्लगच्या खाली झोका देऊन वर नेल्यात, थेंब वायरीवरून प्लगात जाऊ नये म्हणून. यात कंजूषी करू नका बरं का, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हात पाण्यात घालायचाय.

आता खरा विषय, पाणी.

आमच्याकडं दोन पाणी. एक नळाचं, उजनीचं, जे चार-पाच दिवसाआड येतं, आणि दुसरं बोअरचं, जे बादलीला पांढरा थर सोडतं. बोअरचं टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर हजाराच्या वर जातं, ते मी टाकीत घालतच नाही. नळाचं पाणी माझ्या टेस्ट किटवर पीएच ८ च्या आसपास, जड पण बोअरइतकं नाही. लोक काय करतात, आधी मासा आवडतो मग पाणी त्या माश्यासारखं करत बसतात, बदामाची पानं टाक, पीएच डाऊन टाक, आरओ मिसळ. ८५० लिटरला हे महिनोन् महिने कोण करणार? म्हणून मी उलटं केलं. पाणी जड, अल्कलाईन, आणि उन्हाळ्यात गरम, तर असल्याच पाण्यातला मासा शोधायचा.

शेजारच्या काकांनी अरोवाना सुचवला, वास्तूला चांगला म्हणून. त्याला अडीच फूट रुंदीत वळताना बघवणार नाही. ऑस्कर आवडतो पण मग टाकीत दुसरं काही दिसत नाही. आपल्याच कृष्णा खोऱ्यातला झेब्रा लोच लै मनात होता, पण तो घाटाकडच्या गार वाहत्या पाण्यातला, शिवाय धोक्यात आलेली जात, त्याला मे महिन्यात सोलापूर दाखवणं हे पाप आहे. मिस केरळाचं पण तेच. शेवटी बोसमनी रेनबोवर थांबलो. हा मासा मूळ वेस्ट पापुआतल्या अयामारू तलावांचा, तिथं चुनखडी, पाणी जड आणि अल्कलाईन, आणि २७ ते ३० डिग्री त्याला नेहमीचं. अगदी आपल्या नळाची वर्णनं. दुकानात पोरं करड्या रंगाची असतात म्हणून कोणी बघत नाही, पण वर्षभरात नराचा पुढचा अर्धा भाग निळा आणि मागचा नारिंगी होतो. चार-साडेचार इंच वाढतो आणि सरळ रेषेत सुसाट पळतो, त्याला ६ फूट लांबी खरंच लागते. १९८० साली याला शास्त्रीय नाव मिळालं, मूळ तलावात आता तो धोक्यात आहे, बाजारात मिळतात ते फार्ममधे वाढवलेले.

"साफसफाईला एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) टाक" हे दिवसातून एकदा तरी कोणीतरी सांगतंच. नाही टाकणार. तो फूटभर होतो, मग मालक कंटाळतो आणि कंबर तलावात नाहीतर नदीत नेऊन सोडतो. उजनीच्या कोळ्यांच्या जाळ्यात सकर सापडल्याच्या बातम्या वाचल्या असतील सगळ्यांनी. काच मी स्वतः घासतो, हातच दुखतात फक्त.

सायकलिंग म्हणजे मासे टाकायच्या आधी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया टाकीत वाढवणं. त्याला मासे वापरले नाहीत. अमोनियासाठी नवसागर. कल्हईवाले वापरतात तोच, म्हणजे अमोनियम क्लोराईड, पण कल्हईचा अशुद्ध असतो म्हणून केमिकलच्या दुकानातून लॅबवाला छोटा डबा आणला. टाकी आणि संप मिळून माझं प्रत्यक्ष पाणीही साडेआठशे लिटरच्या आसपासच आहे, त्याला २ पीपीएम (लिटरमागं २ मिलीग्रॅम) अमोनिया करायला सव्वापाच ग्रॅम नवसागर पुरतो, साधा दागिन्यांचा काटा घ्या. आधी हायपो घालून क्लोरीन मारला, नाहीतर ज्या बॅक्टेरियाला बोलवायचंय त्यालाच ब्लीचिंग पावडर पाजल्यासारखं होतं. तयार बॅक्टेरिया मिळावेत म्हणून मित्राच्या जुन्या फिल्टरचा काळाकुट्ट स्पंज पिळून संपात ओतला, आमची ही दारातून बघून आत निघून गेली. मार्चची गरमी इथं कामाला आली, बॅक्टेरिया गरम पाण्यात जोरात वाढतात. आधी अमोनिया पडला, मग त्यापासून बनणारा नायट्राईट कितीतरी दिवस किटच्या वरच्या रंगावर अडकून बसला आणि एका सकाळी एकदम शून्य.

टेस्ट वाचताना एक लक्षात घ्या, आपल्याकडं अमोनिया जास्त विषारी ठरतो. पीएच ८ ला २५ डिग्रीवर एकूण अमोनियातला ५ टक्के विषारी रूपात असतो, ३० डिग्रीवर साडेसात टक्के. पीएच ७ ला तोच २५ डिग्रीवर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मुंबईवाला "थोडा अमोनिया चालतो" म्हणतो तेव्हा त्याचा पीएच विचारा आधी.

सायकल झाली तरी मासे आणले नाहीत. एप्रिल-मे टाकी रिकामी चालवली, फक्त पाणी, वाळू आणि खाणीतले काळे दगड, आणि नवसागराची चिमूट चालू. येणारे-जाणारे विचारायचे मासे कुठंयत, समोरच्या आजी तर "अय्यो, एवढ्या पाण्यात काहीच नाही?" म्हणून हळहळल्या, पाणी पाच दिवसाआड येणाऱ्या गावात ते बरोबरच होतं म्हणा. पण मला मे बघायचा होता. बाहेर ४२-४३, पत्र्याखाली त्याहून वाईट. पत्र्याच्या आतून थर्माकोल, वरून पांढरा रंग, आणि शटर दुपारी बंद. तरीसुद्धा पाणी ३३ ला टेकत होतं.

चिलर घ्यायची गरज नाही, निदान सोलापुरात नाही. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळं पाण्यावर आडवा वारा मारला की माठासारखं काम होतं. एक लिटर पाणी उडालं की ८५० लिटरमधून ०.७ डिग्रीएवढी उष्णता घेऊन जातं. दोन छोटे फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावले आणि समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट. एक्झॉस्ट नसेल तर गॅरेजात दमट हवा साठते, फॅन नुसता फिरतो आणि स्टँडला गंज चढतो. एवढं केल्यावर भर मे च्या दुपारी पाणी ३० च्या आसपास थांबलं. कोकणातल्या भावांनो, हे तुमच्याकडं एवढं चालणार नाही.

मात्र रोज दहा-पंधरा लिटर उडतं, आणि उडतं ते फक्त पाणी, क्षार मागंच राहतात. तेवढं रोज नळाचं घातलं तर महिन्याभरात टाकीत बोअर तयार होईल. म्हणून उडालेल्याची भरपाई आरओच्या शुद्ध पाण्यानं, रात्री ड्रम भरून ठेवतो (आरओचं वेस्ट पाणी नाही हं, ते अजून जड असतं). आणि दर आठवड्याचा २०० लिटरचा बदल नळाच्या पाण्यानं, ज्या दिवशी नळ येतो त्याच्या दुसऱ्या दिवशी. जुनं पाणी कढीपत्त्याला आणि नारळाला. त्यामुळं घरातली बोलणी जरा कमी झालीत.

गरम पाण्यात ऑक्सिजन पण कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागं सव्वाआठ मिलीग्रॅम, ३० ला साडेसातच. संपात पाणी वरून पडतं त्यानं भरून निघतं, पण पंप थांबला की खेळ संपला, म्हणून रिटर्न पंप डीसी घेऊन इन्व्हर्टरवर टाकलाय.

पहिला पाऊस झाला, हवा उतरली, तेव्हा चेन्नईच्या कोळत्तूरहून पार्सल मागवलं. प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साईड साठून पीएच खाली जातो, त्यामुळं साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसलं की पीएच चढतो आणि तोच अमोनिया माश्यावर उलटतो. म्हणून बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवलं, उघडली आणि लगेच जाळीनं मासे वेगळ्या टबात, पिशवीचं पाणी गटारात. टबात क्वारंटाईन, मग मोठ्या टाकीत. झाकण मात्र पक्कं पाहिजे, हे रेनबो उड्या मारतात, मी प्लास्टिकच्या जाळीची फ्रेम केलीय म्हणजे वारा पण लागतो.

सध्या दोन-दोन इंचाची पोरं आहेत, एका नराच्या शेपटीकडं नारिंगी धग दिसायला लागलीय. सकाळी शटर अर्धं वर केलं की सगळा थवा उजेडाच्या बाजूला येतो, तेव्हा अण्णा खुर्ची टाकून बसतात, पेपर हातात पण वाचत नाहीत.

राहिलेली कामं: पत्र्याला पन्हळ लावून पावसाचं पाणी ड्रममधे घ्यायचंय, पहिले दोन-तीन पाऊस सोडून. आणि लॉटमधे नरच जास्त निघालेत असं वाटतंय. सोलापूर, पंढरपूर, लातूर पट्ट्यात कुणाकडं वेगळ्या लाईनच्या बोसमनी माद्या असतील तर सांगा, पण क्रॉस नकोत, बाजारात क्रॉस लै झालेत. बदल्यात स्पंज पिळून देईन.